सोनटक्के सरांचं पडणं

सोनटक्के सर दर वर्षी एकदा स्टेजवरून पडतात. चुकून नाही, ठरवून.

इंटर फर्स्ट इयरची, म्हणजे अकरावीची, पोरं कॉलेजात येऊन जरा रुळली, की एका शनिवारी त्यांना मैदानातल्या स्टेजसमोर बसवलं जातं. स्टेज म्हणजे सिमेंटचा ओटा. माणसाच्या कमरेइतका उंच, वर पत्रा. सोनटक्के सर चप्पल काढून, पांढरा शर्ट नीट खोचून वर चढतात. माइकला हात लावत नाहीत. बोलत बोलत ओट्याच्या काठापर्यंत येतात, आणि वाक्य अर्ध्यावर असताना पुढचा पाय टाकतात. तिथे पाय टेकायला काहीच नसतं. धप्प!

नवी पोरं किंचाळतात. एखादी मुलगी रडायलाच लागते. मागे उभे असलेले सेकंड इयरवाले शिट्ट्या मारतात, कारण त्यांनी हे मागच्या वर्षी पाहिलेलं असतं. धुरळा बसला की सर जमिनीवर मांडी घालून बसलेले दिसतात, जणू पंगतीत पान वाढायची वाट बघतायत.

"पाह्यलं? खाली जमीनच हाय. दुसरं काई नाई. पडसान त जमिनीवरच पडसान नं! मंग भेता काऊन?"

हे मराठीत सांगून झालं की तेच तेलुगूत, मग हिंदीत, आणि शेवटी गोंडीत. गोंडीतलं भाषण फार छोटं असतं, कारण सरांना गोंडी तेवढीच येते. पण टाळ्या त्यालाच जास्त पडतात.

पडायची त्यांची एक पद्धत आहे. गुडघे सैल सोडायचे, अंग डावीकडे टाकायचं, हात मधे आणायचे नाहीत. हे ते लहानपणी शिकले. नार्नूरकडच्या एका खेड्यात त्यांच्या बापाची शेती होती. वेचणी झाली की कापूस घरातच भरून ठेवायचे, आणि सगळी भावंडं माळ्यावरून त्या ढिगावर उड्या मारायची. "कापूस असो का दगड असो, आंग सैल पाह्यजे," असं सर सांगतात. मी एकदा विचारलं, "सर, आता वय काय तुमचं? रिटायरमेंटला आलात." तर म्हणाले, "म्हूनच त मॅडम. पोराईले वाटते, हा म्हातारा पडला तरी जित्ता हाय, मंग आपल्याले काय होते!"

मी याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे आजोबा निजामाच्या काळात महसुलातल्या नोकरीसाठी आदिलाबादला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरी मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत तेलुगू, असंच वाढले. त्यामुळे तेलंगणातल्या उटनूरच्या या कॉलेजात बदली झाली तेव्हा भाषांच्या गोंगाटाचं मला काही वाटलं नाही. आमच्या एकेका वर्गात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी, उर्दू अशी सगळी पोरं असतात. डबे उघडले की एकमेकांच्या भाजीत हात घालतात आणि पेपर जवळ आला की एकमेकांच्या वहीत. पण स्टेजवर जा म्हटलं की सगळ्यांची भाषा एकच होते. कोणी बोलतच नाही.

सोनटक्के सर मराठीचे लेक्चरर. मराठी घेणारी पोरं दर वर्षी कमी होतात. सेकंड लँग्वेज म्हणून संस्कृत घेतलं की मार्क जास्त पडतात, हे आता खेड्यातल्या बापालाही कळलंय. त्यामुळे सरांच्या वर्गात बाकं जास्त आणि पोरं कमी. आमचे प्रिन्सिपल, राजय्या सार, करीमनगरकडचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी हिशोब केला, की या माणसाला वेळ आहे. तेव्हापासून कॉलेजातला प्रत्येक कार्यक्रम सोनटक्के सरांच्या गळ्यात. सरांनी तो गळा आनंदाने पुढे केला.

पण मग प्रिन्सिपल सारांची झोप गेली. कारण सर साधे कार्यक्रम करीत नाहीत. वक्तृत्व स्पर्धा घेतली, तर पहिला मुलगा उभा राहून "आदरणीय अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" म्हणाला रे म्हणाला, की सर खालून ओरडतात, "थे आदरणीय-गिदरणीय सोड! तुह्या घरची म्हैस व्याली का नाई, थे सांग!" आणि पोरगं खरंच म्हशीचं सांगायला लागतं. रेडकू झालं, पहिल्या दिवशी उभं राहिना, आईने रात्रभर जवळ बसून चोळलं. सगळं मैदान ऐकत बसतं. बक्षीस कुणाला? जो सगळ्यात जास्त थरथरला त्याला. "चांगला बोलला त्याले बक्षीस कायले? त्याले त येतेच."

भांडणाची स्पर्धा हा त्यांचाच शोध. दोघांनी समोरासमोर उभं राहून आपापल्या घरच्या भाषेत भांडायचं. शिवी द्यायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. समोरचा हसला की तो हरला. मागच्या वर्षी फायनलला आयेशा आणि गजानन आले होते. आयेशा उटनूरच्याच एका शिंप्याची मुलगी, बोलायला लागली की टाचणी टोचायला जागा ठेवत नाही. गजानन नार्नूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. भांडणाचा विषय सरांनी दिला होता, कोंबडी कुणाची. आयेशाचा आवाज वरच्या पट्टीत गेला, गजाननने दंड थोपटले, आणि प्रिन्सिपल सार ऑफिसातून धावत आले. मागून अटेंडर काठी घेऊन. सारांना वाटलं, कॉलेजात दंगल झाली. त्यांना धापा टाकताना बघून गजानन हसला आणि हरला. आजही तो म्हणतो, निकाल अन्यायाचा होता.

"एंदुकंडी इवन्नी?" प्रिन्सिपल सार म्हणतात. म्हणजे, कशाला हो हे सगळं? दर कार्यक्रमाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. सर दर वेळी तेच उत्तर देतात, "सार, टाइमपास." आणि पुढच्या तयारीला लागतात.

तर, यंदाच्या ॲन्युअल डेची गोष्ट.

जिल्ह्याहून पाहुणे यायचे होते. सरांनी नाटक बसवायचं ठरवलं. नाटकाचं नाव 'बाजार'. उटनूरचा आठवडी बाजार जसाच्या तसा स्टेजवर. भाजीवाली तेलुगूत ओरडणार, बांगडीवाली उर्दूत, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करणार, आणि कुणाचं कुणावाचून अडणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरी बोलतात तसं बोलायचं, त्यामुळे पाठांतराचा प्रश्न नव्हता. आयेशा बांगडीवाली झाली, गजानन तिच्याशी भाव करणारा. जुनं भांडण पुढे चालू.

ढोलवाल्याची भूमिका सरांनी जंगूला दिली. जंगू जंगलपट्ट्यातल्या एका गोंड गुड्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, पोरगा. उंच, काटक, होस्टेलात राहतो. ढोल असा वाजवतो की आपला पाय आपल्या हातात राहत नाही. पण बोलणं नाही. हजेरीला नुसता हात वर करतो. माझ्या तासाला त्याने वर्षभरात एक शब्द उच्चारला नव्हता. पानं मात्र एकूणएक ओळखतो, बोट ठेवून दाखवतो. नाटकात त्याला एकच वाक्य होतं. गिऱ्हाईक विचारणार, ढोल कसा दिला? त्याने किंमत सांगायची, बस.

तालमीच्या पहिल्या दिवशी जंगू ढोल गळ्यात अडकवून ओट्याच्या पायऱ्यांशी आला आणि तिथेच उभा राहिला. वर चढेना. पोरांनी हाका मारल्या, गजाननने ओढलं. तो झाडासारखा उभा.

"थांबा," सर म्हणाले. "याले पडून दाखवतो."

"सार, तुमी दाखवलं ना सुरुवातीला!" आयेशा म्हणाली.

"तवा थो कुठी होता? त्याची ॲडमिशन उशिरा झाली."

हे खरं होतं. जंगूने सरांचं पडणं पाहिलंच नव्हतं. आता झालं होतं असं, की बाजारासाठी मुलींनी ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि एक सतरंजी काठाच्या पुढे लोंबत होती. सर नेहमीसारखे बोलत काठापर्यंत आले. पाय सतरंजीत अडकला. अंग सैल सोडायला वेळच मिळाला नाही. सर आडवेतिडवे खाली आले, आणि काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या वाजवल्या. सरांनी जमिनीवरून हात वर केला, तर टाळ्या आणखी वाढल्या. मीही वाजवत होते. मग आयेशाच्या लक्षात आलं, की सर मांडी घालून बसलेले नाहीत.

"टाळ्या पुरे झाल्या," सर खालून म्हणाले. "आता गाडी बोलवा."

गाडी म्हणजे प्रिन्सिपल सारांची कार. सरांना उचलून न्यायला सगळ्यात आधी जंगू पुढे आला. ढोल गळ्यातच होता, तो त्याने पाठीवर सरकवला आणि सरांना काखेत धरलं. गेटपाशी पोचलो तेव्हा त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मराठीत म्हणाला, "सार, बोलतो मी. आता पडू नका."

सर वेदनेने पांढरे पडले होते. तरी म्हणाले, "हे आंदी सांगाचं होतं नं बाप्पा!"

आदिलाबादच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. घोट्याच्या वरचं हाड गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही. मी विचारलं, "सर, घरी कुणाला कळवायचं?" इतकी वर्षं बरोबर काम करून मला त्यांच्या घरचं काही माहीत नव्हतं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, एवढंच ऐकलेलं. सर इतकं बोलायचे, की माणसाला वाटावं याने सगळं सांगितलं. पण त्यात घराविषयी काही नसायचं.

"मीच सांगतो," ते म्हणाले आणि मोबाइल कानाला लावला. "बाई, मी बोलून राह्यलो. पाय मोडला, पण लय नाई मोडला. प्लास्टर केलं." थोडं थांबले. "घाबरू नोको. मॅडम हायेत संगं." पुन्हा थांबले. "भाकर झाकून ठेव. येतो मी." आणि फोन ठेवला.

पलीकडून मला कसलाच आवाज ऐकू आला नव्हता. मी म्हटलं, "लागला का फोन?"

"लागला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सार त्यांना घरी भेटायला गेले ते ठरवूनच, की नाटक रद्द करायचं, भाषणं आणि दोन गाणी घ्यायची. मीही बरोबर होते. दार उघडंच होतं. सर पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर होते, पाय उशांवर. प्रिन्सिपल सारांनी हळूच विषय काढला. सर ताडकन म्हणाले, "पैर टूटा सार, जबान थोडी टूटी! पोरांना इथं पाठवा. माझ्या घरी तालीम करतो."

"इतकी पोरं? घरी? एंदुकंडी?"

सरांनी यावेळी टाइमपास म्हटलं नाही. म्हणाले, "पाठवा सार. माझी विनंती आहे." सर विनंती करतात, हे प्रिन्सिपल सारांना नवीन होतं. ते लगेच हो म्हणाले.

सरांचं घर उटनूरच्या एका कडेला. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणात बोरीचं झाड. पहिल्या दिवशी मी दहा-बारा पोरांना घेऊन गेले आणि कडी वाजवली. आतून सरांचा आवाज आला, "बाई, दार उघड." काहीच हालचाल नाही. जरा वेळाने पुन्हा, "बाई." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग आतून साखळी सरकल्याचा आवाज आला आणि दार वीतभर उघडलं. मी ढकललं तर दारामागे कुणी नव्हतं. मधल्या दाराचा पडदा तेवढा हलत होता.

तालीम अंगणात सुरू झाली. सर खाटेवरून, खिडकीच्या गजांतून ओरडायचे. "गजानन, तू बांगड्या घेतं का पोलिसात दरखास्त देतं? जरा हासत बोल!" मध्येच पडद्याखालून एक ताट बाहेर सरकलं. त्यावर चहाचे कप. सरकवणारा हात पटकन आत गेला. पोरं थबकली. कुणालाच कळेना, चहा घ्यायचा कसा. शेवटी जंगू गेला, ताट उचललं, सगळ्यांना कप दिले, अंगणातल्या नळावर विसळले आणि ताट होतं तिथे पडद्याजवळ ठेवून आला. ते आत ओढलं गेलं.

आयेशाला मात्र गप्प बसवेना. निघताना ती पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "दीदी, चाय बहुत अच्छी थी. अद्रक थोडा और चलता."

पडदा हलला नाही. पण दुसऱ्या दिवशी चहाला आल्याचा असा ठसका होता की गजाननला खोकला आला.

आयेशाला वाट सापडली. "दीदी, शक्कर कम," म्हणाली. दुसऱ्या दिवशी साखर कमी. गजाननने ते पाहिलं आणि पडद्याजवळ जाऊन नुसता म्हणाला, "ताई, भूक लागते बरं का आमाले." दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मुरमुऱ्यांचा चिवडा आला, कढीपत्ता, शेंगदाणे, सगळं घालून. मग तर पोरांची चंगळच. कुणी म्हणे तिखट जास्त, कुणी म्हणे लिंबू पिळा. मला लाज वाटली. मी दटावलं, "अरे, हॉटेल आहे का हे?"

खिडकीतून सर म्हणाले, "राहू द्या मॅडम. मागू द्या त्याईले."

त्या दिवशी पोरं गेल्यावर मी थांबले. सरांनी भिंतीकडे बघत सांगितलं. मुलगी तिशी ओलांडलेली. उज्ज्वला. ते तिला बाईच म्हणतात. शाळेत हुशार होती, इंटर झाली. मग हळूहळू बोलणं कमी होत गेलं. आधी पाहुण्यांशी, मग शेजाऱ्यांशी. आई गेली तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. सरांशी हो-नाही एवढं बोलते, कधी तेही नाही. हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या झाल्या.

"कशामुळे झालं सर?"

"मले नाई माईत. एकाएकी झालं असतं त काई ध्यानात आलं असतं. हळूहळू झालं नं." मग म्हणाले, "मी लय बोलतो नं मॅडम. या घरातलं सारं बोलणं मीच बोलून टाकलं असन."

हे ते गमतीने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. त्यांच्या सवयीप्रमाणे तेच पुढे बोलायला लागले, जंगूच्या वाक्याबद्दल.

ॲन्युअल डे चांगला झाला. सरांना खुर्चीवर बसवून पोरांनी अक्षरशः उचलून आणलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं. पाहुणे वेळेवर आले, ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी नवलाई. 'बाजार' सुरू झाला. आयेशा आणि गजाननने हशा घेतला. मग जंगू ढोल घेऊन आला, पायऱ्या न थांबता चढला. गिऱ्हाईक झालेल्या मुलीने विचारलं, ढोल कसा दिला? जंगूने किंमत सांगितली, गोंडीत. मुलगी नाटकात लिहिल्याप्रमाणे म्हणाली, फार महाग आहे. इथे नाटक पुढे सरकायचं होतं. पण मागे बसलेल्या गोंड आईबापांतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला, आणि जंगूने त्याला उत्तर दिलं. मग ढोलाचं लाकूड कुठलं, कातडं कसं ताणलं, आवाज कुठवर जातो, हे सगळं तो सांगायला लागला. मध्येच वाजवून दाखवायचा, पुन्हा बोलायचा. त्याला थांबवणार कोण? बाजारातली बाकीची दुकानं उभीच्या उभी राहिली. प्रिन्सिपल सार घड्याळ बघत होते. पाहुण्यांना गोंडी येत नव्हती, पण ते मान डोलवत होते.

सर मोडक्या पायासकट खुर्चीत पुढे सरकून बसले होते. टाळी वाजवायची विसरले.

उज्ज्वला आली नाही. सकाळी आयेशा तिला न्यायला गेली होती, स्वतःचा नवा दुपट्टा घेऊन. दार उघडलं नाही. आयेशा दुपट्टा कडीला अडकवून परत आली. सरांना मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "नाई म्हटलं नाई तिनं. हो बी म्हटलं नाई." आणि पुन्हा स्टेजकडे बघायला लागले.

नाटक संपलं तशा तालमीही संपल्या. पोरं परीक्षेच्या मागे लागली. प्लास्टर अजून निघायचं होतं. मी आठ-दहा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, सरांकडे गेले. आमच्या परसातले पेरू होते, ते द्यायचे होते. बरोबर कुणी नव्हतं.

अंगणात शिरले तेव्हा खिडकी उघडी होती. सर खाटेवर पेपर वाचत पडले होते. त्यांनी मला पाहिलं. नक्की पाहिलं; आमची चांगली नजरानजर झाली. मी हात वर केला. सरांनी काही न बोलता पेपर तोंडावर पसरला आणि घोरायला लागले.

इतकं खोटं घोरणं मी आयुष्यात ऐकलं नाही. भांडणाच्या स्पर्धेत कुणी इतका वाईट अभिनय केला असता, तर सरांनीच त्याला खाली बसवलं असतं. मी हसू दाबून कडी वाजवली आणि उभी राहिले.

आत शांत. घोरणं चालूच. मी पुन्हा कडी वाजवली नाही. बोरीखाली एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे बघत राहिले. ऊन पाठीला लागत होतं. पेरूची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एकदा वाटलं, पायरीवर पिशवी ठेवावी आणि जावं.

मग साखळी वाजली. दार उघडलं, वीतभर, मग आणखी थोडं. यावेळी दारामागे माणूस होतं. हाताला कणीक लागलेली, केसांची सैल वेणी, बापासारखंच रुंद कपाळ. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या चपलांकडे बघत होती. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिने गिळलं. पुन्हा प्रयत्न केला.

"बाबा झोपले," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. बरं, मग येते नंतर, असं म्हणणारच होते, तेवढ्यात ती बाजूला सरकली.

"बसा," म्हणाली.

मी चपला काढून आत गेले आणि भिंतीला टेकून चटईवर बसले. ती पिशवी घेऊन आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. मी खाटेकडे पाहिलं. घोरणं थांबलं होतं. तोंडावरचा पेपर जरासुद्धा हलत नव्हता. सर श्वास धरून पडले होते.